ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर: तंबूतला मुक्काम आणि साउथ कैबॅबची पायवाट

युटामधील झायन पाहून आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोटारीने ॲरिझोनाकडे निघालो. पेज गावापासून ८९ क्रमांकाचा महामार्ग धरून कॅमेरॉनला पोचावे आणि तेथून ६४ क्रमांकाच्या रस्त्याने ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात पूर्वेकडून शिरावे, असा बेत होता. हाच मार्ग मी इतरांनाही आवर्जून सुचवीन, कारण आत शिरल्याबरोबर डेझर्ट व्ह्यू येथे मेरी कोल्टर यांनी आखलेला १९३२ सालचा दगडी मनोरा लागतो आणि पुढे ग्रँड कॅन्यन व्हिलेज या उद्यानातील मुख्य वस्तीपर्यंतचा सुमारे ४० किलोमीटरचा रस्ता दरीच्या काठाकाठाने जातो. मात्र या प्रवासात घड्याळावर लक्ष ठेवावे. ॲरिझोनात उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत, पाळत नाहीत. युटात आणि वाटेत लागणाऱ्या नवाहो नेशन या मूळ अमेरिकी जमातीच्या स्वशासित प्रदेशात मात्र ती पाळतात, त्यामुळे मोबाइलमधील वेळ तासाभराने पुढेमागे होत राहते. उद्यानात ॲरिझोनाची वेळ चालते.

मुक्काम माथर कॅम्पग्राउंडमध्ये होता. याचे आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर सहा महिने आधी खुले होते आणि चांगल्या हंगामातील जागा लगेच संपतात, म्हणून सहलीची बाकीची आखणी या तारखांभोवती करावी. प्रत्येक जागेला टेबल आणि शेकोटीचे कडे असते. स्वच्छतागृहे आणि पिण्याचे पाणी जवळ आहे, आंघोळीची सोय पैसे भरून होते. जळण विकतच घ्यावे लागते, कारण पडलेल्या काटक्या गोळा करण्यासही मनाई आहे. साउथ रिम, म्हणजे दरीचा हा दक्षिण काठ, समुद्रसपाटीपासून २१०० मीटरच्या आसपास उंच असल्याने दुपारी अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरलेल्या माणसाला रात्री थंडी चांगलीच जाणवते. आम्हाला सकाळी तंबूच्या बाहेरच्या कापडावर हिमकणांचा पातळ थर दिसला, तेव्हा शून्याखालच्या तापमानाला पुरेल अशीच स्लीपिंग बॅग आणावी. एल्क हरणे तंबूंच्या मधून निवांत चरत जातात; त्यांच्यापासून किमान ३० मीटर दूर राहावे आणि खाण्याचे सर्व पदार्थ गाडीत बंद ठेवावेत.

पायी उतरण्यासाठी आम्ही साउथ कैबॅबची वाट निवडली. तिच्या सुरुवातीपर्यंत खाजगी गाडी नेता येत नाही; मोफत शटल बस किंवा पहाटेची खास बस घ्यावी लागते, आणि पहाटेचीच घ्यावी. वाट डोंगरसोंडेच्या माथ्यावरून उतरत असल्याने देखावा दोन्ही बाजूंना खुला राहतो, पण सावली जवळजवळ नाही आणि वाटेवर पाणी मुळीच नाही. दीड किलोमीटरवर ऊ-आ पॉइंट, सुमारे अडीच किलोमीटरवर सीडर रिज आणि पावणेपाच किलोमीटरवर स्केलेटन पॉइंट लागतो, जिथून खालची कोलोरॅडो नदी प्रथम दिसते. वरचा फिकट चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याखाली कोकोनिनो वालुकाश्माच्या कड्यात तिरक्या रेघा दिसतात; त्या प्राचीन वाळवंटातील वाळूच्या टेकड्यांच्या खुणा आहेत. सीडर रिजला पोचेपर्यंत पायाखालची माती लालभडक झालेली असते आणि बूटही.

सह्याद्रीत गड आधी चढून मग उतरण्याची सवय असलेल्यांनी येथे हिशेब उलटा करावा. ताज्या दमाने, थंड हवेत उतरणे होते आणि चढण उन्हात, थकल्यावर वाट्याला येते. शिवाय खाली जावे तसा उकाडा वाढतो. उतरायला लागलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ चढायला धरावा आणि परतीची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत येऊ नये, असे उद्यानाचे अधिकारी ठिकठिकाणी फलक लावून बजावतात, आणि तो इशारा धडधाकट तरुणांनीही मानावा. उन्हाळ्यात १० ते ४ या वेळात खोल दरीत चालूच नये. नुसते पाणी पीत राहिल्यास शरीरातील मीठ घातक प्रमाणात कमी होऊ शकते, म्हणून थोड्या थोड्या वेळाने खारट काहीतरी खावे. लहान मुले किंवा गुडघ्यांचा त्रास असलेले सोबत असतील, तर सीडर रिजवरून परतावे. तेथे शौचालय आहे आणि दरीची खोली पुरेशी कळते.

खेचरांचा तांडा समोर आला की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला सरकून स्तब्ध उभे राहावे आणि हाकणाऱ्याच्या सूचना पाळाव्यात. चढणाऱ्या माणसालाही नेहमी आधी वाट द्यावी. दिवसाच्या चालीला परवाना लागत नाही. दरीत तंबू ठोकून राहायचे असेल तर मात्र वेगळा परवाना आगाऊ घ्यावा लागतो. वाटा दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर वाटेची स्थिती पाहावी.

व्हिलेजमध्ये पेट्रोल पंप नाही. डेझर्ट व्ह्यूला किंवा दक्षिण प्रवेशद्वाराबाहेरच्या टुसायन गावात टाकी भरून घ्यावी.