तुम्ही विचारलंत म्हणून: क्वीन मोठा की झेपेलिन?

मी गोव्यात फोंड्याला गिटार शिकवतो आणि त्याआधी बरीच वर्षे सासष्टीतल्या लग्नांत आणि फेस्तांच्या डान्सना बेस वाजवत होतो, त्यामुळे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: जुन्या रॉक बँडांत क्वीन मोठा की लेड झेपेलिन? कधी तो बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स अशा जोडीने येतो, कधी ईगल्स आणि पिंक फ्लॉइड अशा. विचारणारा मात्र बहुतेक वेळा दोन्ही बँडांचे ‘ग्रेटेस्ट हिट्स’, म्हणजे गाजलेल्या गाण्यांचे संग्रह, ऐकून आलेला असतो, तेवढ्या भांडवलावर त्याचा निकाल लागलेला असतो आणि माझ्याकडून त्याला फक्त शिक्कामोर्तब हवे असते. मत मलाही आहे, ते शेवटी सांगतोच. पण ज्या आल्बमांवरून हा वाद घातला जातो, ते बँड किती मोठा होता हे सांगतच नाहीत. कोणत्या गाण्याचे हक्क कोणाकडे होते, सिंगल, म्हणजे सुटे गाणे, विकायला काढण्याचा त्या बँडचा रिवाज होता की नव्हता, हेच त्यांच्यावरून आधी कळते.

क्वीनचा १९८१ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा माझ्या मते या प्रकारातला सर्वांत उत्तम आल्बम आहे. ब्रिटनमध्ये त्याच्याइतका दुसरा कोणताही आल्बम खपलेला नाही. २०२२ मध्ये त्याने तिथे ७० लाखांचा आकडा गाठला. गाणी १७ आणि एकूण वेळ सुमारे ५८ मिनिटे, म्हणजे साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर तो अख्खा उतरत असे, आणि माझ्या ओळखीतल्या पुष्कळांनी तो प्रथम तसाच ऐकला. सुरुवात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने होते, ते संपते न संपते तोच जॉन डीकनचा ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’मधला बेस सुरू होतो, आणि ही दोन्ही गाणी एकाच बँडची आहेत यावर नव्या श्रोत्याचा विश्वास बसत नाही. बँडमधले मर्क्युरी, मे आणि डीकन हे तिघेही आपापल्या बळावर हिट गाणे लिहीत. ड्रमर रॉजर टेलरची पाळी पुढे आली, त्याचे ‘रेडिओ गा गा’ १९९१ च्या दुसऱ्या संग्रहात आहे. अशा बँडला संग्रह शोभणारच. आमच्याकडचे क्वीनवाले याच्या जोडीला एक हुकमाचा पत्ता टाकतात: क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला आणि तिथे ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत होता. गोष्ट खरी आहे आणि सांगायला मलाही आवडते, परंतु पाचगणीची हवा हा सांगीतिक मुद्दा नव्हे.

झेपेलिनचे सगळेच उलटे. बँड चालू होता तोवर, म्हणजे १९८० पर्यंत, त्यांनी ब्रिटनमध्ये एकही सिंगल बाजारात आणले नाही, आणि आठ मिनिटांचे ‘स्टेअरवे टू हेवन’ अमेरिकेतसुद्धा सिंगल म्हणून विकायला काढले नाही. आल्बम घ्या आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका, असा त्यांचा खाक्या होता. गाणी सुटी विकायचीच नाहीत असे ज्यांनी ठरवले, त्यांच्या ‘हिट्स’ निवडायच्या कोणत्या निकषावर? २००७ चा ‘मदरशिप’ हा २४ गाण्यांचा संग्रह बँडमधल्या पेज, प्लांट आणि जोन्स यांनी स्वतः निवडला, तरी तिसऱ्या आल्बमच्या दुसऱ्या बाजूवरचे, म्हणजे अकूस्टिक गिटारवर उभ्या असलेल्या बाजूवरचे, एकही गाणे त्यात नाही. ‘मदरशिप’ ऐकून आलेला मुलगा झेपेलिन म्हणजे नुसता दणदणाट असे म्हणतो तेव्हा त्याला दोष देता येत नाही; मी त्याला त्याच बाजूवरचे ‘टँजरिन’ वाजवायला देतो.

स्टोन्सच्या बाबतीत तर प्रकरण करारांत अडकलेले आहे. त्यांच्या १९६० च्या दशकातल्या गाण्यांचे हक्क त्यांचे एके काळचे व्यवस्थापक ॲलन क्लाइन यांच्या कंपनीकडे राहिले. त्यामुळे १९७१ चा ‘हॉट रॉक्स’ त्या कंपनीने काढला, तर बँडने स्वतः १९९३ मध्ये काढलेला ‘जंप बॅक’ १९७१ पासूनच सुरू होतो आणि त्यात ‘सॅटिस्फॅक्शन’ नाही. दोन्ही काळांतली गाणी प्रथम एकत्र आली ती २००२ च्या ‘फॉर्टी लिक्स’मध्ये. बीटल्सच्या २००० सालच्या ‘१’ या आल्बमला हक्कांची अडचण नव्हती. तिथे नियमानेच घात केला. ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी कुठेतरी पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले गाणेच घ्यायचे, असा तो नियम. १९६७ मध्ये ‘पेनी लेन’ आणि ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर आली होती. पहिले अमेरिकेत अव्वल ठरले म्हणून आत, दुसरे दोन्हीकडे मागे राहिले म्हणून बाहेर. ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ नसलेल्या संग्रहावरून बीटल्सचे माप काढणाऱ्याशी मी वाद घालत नाही. तिथे बोलणेच खुंटते.

गोव्यापुरता विचार केला तर हा सामना ईगल्सने केव्हाच जिंकला आहे, आणि त्याचे कारण मला हॉलमध्ये वाजवताना कळले. १९७६ च्या फेब्रुवारीत आलेला त्यांचा ‘देअर ग्रेटेस्ट हिट्स’ हा अमेरिकेत प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रतींचे, प्रमाणपत्र मिळालेला पहिला आल्बम. २०१८ मध्ये त्याच्या नावावर ३ कोटी ८० लाख प्रतींची नोंद झाली आणि मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ मागे पडला. त्यात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नाही, कारण ते त्याच वर्षी डिसेंबरात आले. आहे ते ‘टेक इट टू द लिमिट’, आणि ते चक्क वॉल्ट्झ आहे, तीन मात्रांचे. आपल्याकडच्या ख्रिस्ती लग्नांत वॉल्ट्झ म्हटला की टेबलांवर गप्पा मारत बसलेली पोक्त जोडपी खुर्च्या सरकवून उठतात, आणि बेसवाल्याने पहिली मात्रा नीट ठासली की उरलेल्या दोन त्यांचे पाय आपोआप भरून काढतात. त्याच हॉलमध्ये झेपेलिनचे ‘ब्लॅक डॉग’ लावले, तर त्याच्या आडव्यातिडव्या मात्रांमुळे नाचणारे एकमेकांच्या पायावर पाय देतील. नाचता येणे हा वाईट निकष आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. निदान तो आकडेवारीपेक्षा बरा. शिवाय संग्रहामुळे गाण्याचे भले झाल्याचे उदाहरणही याच आल्बममध्ये सापडते. ‘डेस्परॅडो’ ईगल्सने सिंगल म्हणून कधी काढलेच नव्हते, तरी ते या संग्रहात आहे.

पिंक फ्लॉइडबद्दल थोडक्यात सांगतो. त्यांच्या आल्बममधली गाणी एकमेकांत मिसळलेली असतात, त्यामुळे त्यांचा संग्रह ऐकणे म्हणजे नाट्यगीतांच्या मैफलीवरून संगीत नाटकाबद्दल मत बनवणे होय. १९८१ च्या त्यांच्या संग्रहासाठी ‘मनी’ हे गाणे हक्क न मिळाल्याने त्यांचा गिटारवादक गिलमोर याला नव्याने ध्वनिमुद्रित करावे लागले, म्हणजे त्यात मूळ गाणेसुद्धा नाही. एसी/डीसी आणि मेटॅलिका यांनी अधिकृत ‘ग्रेटेस्ट हिट्स’ काढलाच नाही, याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते.

आता उत्तर. क्वीन आणि झेपेलिन यांची झुंज लावायचीच असेल तर १९७५ सालचे दोन आल्बम समोरासमोर ठेवा, कारण त्या वर्षी दोघेही ऐन भरात होते: फेब्रुवारीतला झेपेलिनचा दोन तबकड्यांचा ‘फिजिकल ग्राफिटी’ आणि नोव्हेंबरातला क्वीनचा ‘अ नाइट ॲट दि ऑपेरा’. दोन्ही एका आठवड्यात, गाणी न गाळता ऐका. क्वीनचा आल्बम अधिक रेखीव आहे आणि त्यातल्या आवाजांच्या थरांची बरोबरी झेपेलिनला कधी करता आली नसती. तरीही माझे मत ‘फिजिकल ग्राफिटी’ला, ‘कश्मीर’साठी आणि ‘इन माय टाइम ऑफ डाइंग’च्या अकरा मिनिटांसाठी, फक्त त्याची चौथी बाजू नसती तरी चालले असते.