किनाऱ्यावरचे तीन दिवस आणि दोन पंक्चर

फेब्रुवारीत चुलतभाऊ दादा आणि मी पुण्याहून गणपतीपुळ्याला मोटरसायकलनं गेलो. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, आणि पहिला मुक्काम हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीनं बाणकोटची खाडी ओलांडून वेसवी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै आणि रात्री दापोलीजवळचं मुरुड. तिसऱ्या दिवशी दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा आणखी दोन खाड्या. या रस्त्याच्या सौंदर्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते पंक्चरच्या किटबद्दल, कारण या वाटेवर आम्हाला दोनदा गाडी उभी करावी लागली, आणि दोन्ही वेळा हाताशी पंक्चरवाला नव्हता.

किट घेण्याआधी स्वतःच्या गाडीचं चाक नीट बघा. माझी गाडी मॅगव्हीलची, म्हणजे आऱ्यांऐवजी अखंड ओतीव चाकांची, टायर ट्यूबलेस. दादाची आऱ्यांच्या चाकांची, आत ट्यूब. दोघांना लागणारं सामान पूर्ण वेगळं आहे. ट्यूबच्या गाडीसोबत ट्यूबलेसचं किट बाळगून काहीही उपयोग नाही.

पहिलं पंक्चर माझं. केळशी सोडून आड्याकडे निघालो आणि मागचं चाक डुलायला लागलं. आंब्याच्या पेटीला ठोकतात तसला बारीक खिळा नक्षीच्या मधोमध घुसला होता. मधोमध होता म्हणून बरं. टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसला असता तर भोकात कोंबायची रबराची चिकट स्ट्रिप घालून भागलं नसतं. तिथलं पंक्चर कुणी काढून देतो म्हणाला तरी त्यावर भरवसा ठेवू नका.

आमच्याकडे ट्यूबलेसची दोन किट होती. एक गाडीच्या सीटखाली वर्षभर पडलेलं स्वस्तातलं, प्लॅस्टिकच्या मुठीचं. खिळा पकडीनं काढला आणि भोक साफ करायला रीमर, म्हणजे खरखरीत दांड्याचं हत्यार, फिरवला. टायरमधल्या पोलादी तारांना तो अडला, मी जोर लावला, आणि मूठ दांड्यापाशी तडकली. दादानं त्याच्या पिशवीतलं दुसरं काढून दिलं: लोखंडी, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची मूठ, दोन्ही हातांनी धरता येते. त्यानं काम झालं. म्हणून दुकानात किट हातात घ्या आणि मूठ बघा. दांडा मुठीत नुसता खुपसलाय की आरपार गेलाय, ते महत्त्वाचं. स्ट्रिप ओवून भोकात ढकलायची जी सुई असते तिचं नेढंही बघा. ते टोकाला चिरलेलं हवं, म्हणजे सुई बाहेर ओढताना स्ट्रिप आत राहते. नेढं बंद असेल तर स्ट्रिप सुईबरोबर परत येते.

रीमर खिळा ज्या तिरकेपणानं गेला होता त्याच दिशेनं घाला, आत-बाहेर काही वेळा फिरवा. स्ट्रिपला सोल्यूशन (रबर चिकटवायचा डिंक) लावा, दोन्ही टोकं साधारण एक सेंटिमीटर बाहेर राहतील इतकी आत ढकला आणि सुई न पिळता एका झटक्यात सरळ बाहेर ओढा. शेपटं कापताना थोडं ठेवा, अगदी सपाट कापू नका. हवा भरल्यावर साबणाचं पाणी टाका. शेजारच्या घरातल्या काकूंनी बादली आणि साबणाची वडी दोन्ही आणून दिली. बुडबुडे आले नाहीत.

सोल्यूशनची नळी एकदा उघडली की आतलं हळूहळू वाळतं. माझी जुनी नळी दाबली तर दगडासारखी. प्रवासाला नेहमी न उघडलेली नळी न्या, आणि स्ट्रिप बोटांना चिकटते का ते निघण्याआधी तपासा. कोरडी झाली असेल तर फेकून द्या.

हवेचा प्रश्न किटइतकाच मोठा. १६ ग्रॅमची गॅसची काडतुसं छान, हलकी; पण मागच्या टायरला दोन-तीन लागतात, आणि पंक्चर नीट बसलं नसेल तर ती वाया जातात. ती इतकी थंड पडतात की हातमोजा हवाच. आम्ही गाडीच्या बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा छोटा पंप वापरला. कारच्या सिगारेट लायटरचीच पिन असलेला पंप घेऊ नका, मोटरसायकलला ती लावणार कुठे? पंप चालू असताना इंजिन चालू ठेवा. हवेचा दाब मोजायचं छोटं गेजही सोबत असू द्या.

दुसरं पंक्चर हेदवीहून तवसाळला जाताना, दादाच्या पुढच्या २१ इंची चाकाचं. हे काम मोठं. चाक काढायला एक्सलचा पाना लागतो, आणि तो गाडीबरोबर येणाऱ्या टूलकिटमध्ये असेलच असं नाही. घरी एकदा चाक काढून बघा. टायर रिमपासून सोडवायला आम्ही चाक आडवं ठेवलं आणि माझ्या गाडीचं साइड स्टँड टायरच्या कडेवर टेकवून गाडी त्यावर कलवली. मग टायर रिमवरून उचकटायला तीन लिव्हर. पॅच लावायची माझी घाई चालली होती, दादा म्हणाला, "थांब, सोल्यूशन सुकू दे, चकाकी जाईपर्यंत." तेच बरोबर. ओल्यावर लावलेला पॅच निघून येतो. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवलं, तर बारीक तारेचा तुकडा अजून तिथेच होता. तो राहिला असता तर थोड्याच वेळात पुन्हा खाली बसलो असतो. ट्यूबमध्ये किंचित हवा भरून मगच ती बसवा, म्हणजे लिव्हरखाली चिमटत नाही.

पुढच्या वेळी दादा दोन्ही चाकांच्या नव्या ट्यूबाच नेणार आहे. पॅच मुक्कामावर पोचून लावता येतो, रस्त्यात ट्यूब बदलणं लवकर होतं.

स्ट्रिपवर मी गणपतीपुळ्यापर्यंत सावकाश आलो. तिथून आंबा घाटानं कोल्हापूर गाठलं आणि तिथे टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात दांडा बसणारा छत्रीसारखा पॅच, लावून घेतला. त्याआधी पंक्चरवाल्यानं स्ट्रिप ओढून दाखवली. ती जागची हलली नव्हती.