गेटबाहेरचा उतार

विद्यापीठाच्या आवारातली सुरक्षा म्हटलं की बैठकीत पहिला विषय निघतो कॅमेऱ्यांचा. किती आहेत, किती बंद आहेत, आणखी किती हवेत. मग बाहेरची मुलं आत कशी येतात, मग रात्री हॉस्टेलला उशिरा येणाऱ्यांची नोंद. हे विषय खोटे नाहीत. सुरक्षा अधिकारी म्हणून माझी निम्मी नोकरी त्यांतच जाते. पण मला सर्वांत जास्त धास्ती असते ती स्नेहसंमेलनाच्या शेवटच्या रात्रीची. त्या रात्री आवारात गुंड नसतो, चोर नसतो. सगळी आपलीच पोरं असतात, खुशीत असतात आणि सगळ्यांना एकाच वेळी एकाच दारातून आत जायचं असतं.

आमचा खुला रंगमंच सखल जागेत आहे. मुख्य रस्त्यावरून गेटकडे यायला उतार, एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला दुचाकींचं पार्किंग आणि त्याला तारेची जाळी. पन्हळीतून पाणी यावं तशी माणसं गेटवर येतात. आत किती प्रेक्षक मावतील यावर आयोजक मुलांनी भरपूर डोकं चालवलं होतं. रंगीत पास, मनगटावर पट्ट्या, सगळं झालं होतं. गेटबाहेर किती जण उभे राहतील, हा हिशोब मात्र कुणीच केला नव्हता.

मी बैठकीत तो मांडला. ब्रिटिश स्टेडियमच्या सुरक्षा नियमावलीत एका प्रवेशमार्गातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरतात. आपण पास बघणार, बॅगा उघडायला लावणार, म्हणजे त्याच्या निम्मीच धरा. आणि पोरं येणार ती शेवटच्या अर्ध्या तासात. दोन रांगांनी भागणार नाही, चार करा.

"सर, चार रांगांना स्वयंसेवक कुठून आणू? आणि बाजूचं गेट उघडं ठेवलं की फुकटे घुसतात."

घासाघीस होऊन तीन रांगा पदरात पडल्या. बाजूच्या गेटची साखळी आणि कुलूप काढायचं, तिथे नुसती कडी आणि एक गार्ड ठेवायचा, एवढं मी सोडलं नाही. शिवाय आमच्यातला सर्वांत जुना गार्ड वॉकीटॉकी देऊन वाचनालयाच्या गच्चीवर उभा केला. काम एकच, वरून गर्दीकडे बघत राहायचं. "साहेब, वर काय चोरीला जाणार आहे?" असं त्याने विचारलंच.

त्या संध्याकाळी गेट उघडायची वेळ टळून गेली, कारण आत साउंड चेक संपेना. बाहेरचा उतार भरत गेला. अंधार पडला, पाऊस भुरभुरू लागला, मागचे पुढे सरकले. तेवढ्यात आतून ड्रम वाजले आणि गाण्याचं तोंड ऐकू आलं. वादक फक्त आवाज जुळवत होते. बाहेरच्यांना वाटलं, कार्यक्रम सुरू झाला.

माझ्या पोटात गोळा आला. ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेतल्या सिनसिनाटीत एका रॉक बँडच्या कार्यक्रमाआधी दारांबाहेर ११ जणांचा जीव गेला. आतला आवाज ऐकून कार्यक्रम सुरू झाल्याचा समज झाला, असं तिथेही नंतर सांगितलं गेलं. आणि २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विद्यापीठात खुल्या रंगमंचावरच्या कार्यक्रमाआधी, पाऊस आल्यावर पायऱ्यांवर चौघे गेले. उतार, पाऊस, बंद गेट, आतलं संगीत. माझ्यासमोर चारही गोष्टी होत्या.

वॉकीटॉकीवर गच्चीवरून आवाज आला, "साहेब, डोकी डुलतायत."

हे वाक्य मी त्याला शिकवून ठेवलं होतं. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर माणूस आपल्या मर्जीने पाऊल टाकू शकतो. सहा-सात झाली की मर्जी संपते. एका टोकाला बसलेला धक्का दुसऱ्या टोकापर्यंत लाटेसारखा जातो, कुणाकुणाचे पाय जमिनीवरून उचलले जातात. खालून हे कळत नाही, वरून मात्र डोक्यांचा अख्खा पट्टा एकदम डावी-उजवीकडे जाताना दिसतो. अशा गर्दीत माणसं तुडवली जाऊन मरतात असा समज आहे. पुष्कळदा ती उभ्या उभ्याच गुदमरतात, कारण छाती फुगायला जागा उरत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात 'बेशिस्त जमाव' छापून येतं. पण मागच्याला पुढचं काही दिसतच नसतं. तो बिचारा फक्त अर्धं पाऊल पुढे सरकलेला असतो.

गेटवरचा गार्ड ओरडत होता, "साहेब, गेट उघडू का सताड?" मी नाही म्हटलं. उताराच्या तळाशी गेट एकदम मोकळं झालं असतं, तर पुढची रांग तोंडावर पडली असती आणि तिच्यावर मागचे. आधी आतलं संगीत बंद करायला लावलं. ध्वनिव्यवस्थेचा माणूस हुज्जत घालू लागला तेव्हा त्याच्या वीजतंत्र्याने मुकाट्याने मुख्य स्विच पाडला. त्या माणसाचे उपकार आहेत. वरच्या चौकात आमची जीप आडवी लावून नवी माणसं उतारावर येणं थांबवलं. पुढच्यांना काही सांगण्यात अर्थ नव्हता, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. भोंगा मी विद्यार्थी प्रतिनिधीच्या हातात देऊन तिला मागच्या टोकाला पाठवलं, कारण पोरं माझं ऐकत नाहीत, तिचं ऐकतात. तिने सांगितलं, "कार्यक्रम सुरू झालेला नाही. सगळे आत आल्याशिवाय एकही गाणं होणार नाही. मागचे दहा पावलं मागे या, ग्रंथालयाच्या पोर्चखाली उभे राहा." खरं होतं, म्हणून लागू पडलं. शेपूट हलायला लागलं.

पण मधल्यांना तेवढी उसंत नव्हती. मी वीजतंत्र्याची पक्कड घेऊन पार्किंगमधून जाळीपाशी गेलो. जाळी लोखंडी खांबांना बारीक तारेने बांधलेली होती. पलीकडून एक मुलगी तिच्यावर दाबली गेली होती. गालावर जाळीचे चौकोन उमटलेले, तोंड उघडं, डोळे माझ्याकडे. ओरडत नव्हती. ओरडायलाही श्वास लागतो. खालून एकेक तार तोडत वर गेलो आणि जाळी लोंबली तशी ती, तिच्यामागचे दोघे आणि मग दहा-पंधरा जण पार्किंगमध्ये ओतले गेले. दुचाक्यांची रांगच्या रांग आडवी झाली. मुलगी गुडघ्यांवर बसून खोकत राहिली. तिच्या वर्गातल्या एका मुलाने तिला पाणी पाजायला धरली तेव्हा मी त्याला हाकललं. आधी श्वास येऊ दे. आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. बाकी खरचटणं, मुरगळणं आणि एक मोडलेलं मनगट. त्यानंतर बाजूचं गेट उघडून दोन्हीकडून थोडी थोडी मुलं आत घेतली आणि कार्यक्रम उशिरा का होईना, झाला. चांगला झाला म्हणे.

मला मात्र खुलासा मागण्यात आला. कार्यक्रमाला उशीर का, विद्यापीठाच्या मालमत्तेची नासधूस कुणाच्या परवानगीने, दुचाक्यांची भरपाई कोण देणार. मी उत्तरात गच्चीवरच्या गार्डचं नाव, तो संदेश आल्याची वेळ आणि उताराचा नकाशा जोडला. गालावर चौकोन उमटलेल्या मुलीचे वडीलही आले होते. त्यांनी मला काहीच विचारलं नाही, जाळी कुठली तेवढी दाखवा म्हणाले.

पुढच्या वर्षीसाठी समितीने साउंड चेक दुपारीच संपवायचा, चार रांगा करायच्या आणि कार्यक्रम थांबवायचा अधिकार लेखी स्वरूपात सुरक्षा अधिकाऱ्याकडे द्यायचा, हे मान्य केलं. हा अधिकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या रात्री तो माझ्याकडे नव्हता, मी तो वापरला इतकंच. पार्किंग हलवायची सूचना जागेअभावी फेटाळली गेली आणि जाळी पुन्हा बांधली. या खेपेला जाड तारेने. तेव्हा मीही पक्कड बदलली, आता मोठी घेतली आहे.