तुम्ही विचारलंत म्हणून: हुरडा पाडताना ज्वारीला दुखतं का?

डिसेंबर-जानेवारीत मंगळवेढ्याकडं कुणाच्या तरी शेतात हुरडा पार्टी ठरते आणि मी कॉलेजात बायॉलॉजी शिकवते हे कळलं की आगटीभोवतीचं कुणीतरी विचारतंच, मॅडम, आपण ही कणसं मोडतो तर ज्वारीला दुखत असेल का ओ? बाकीचे हसतात, आणि एकजण लगेच मोबाईल काढून तो 'झाडं किंचाळतात' वाला व्हिडिओ लावतो. दरवर्षी तोंडात गरम हुरडा असताना अर्धंमुर्धं उत्तर देते, म्हणून यंदा लिहूनच टाकते.

आधी तो व्हिडिओ. पूर्ण खोटा नाहीये. २०२३ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या लिलाख हदानी आणि त्यांच्या टीमने 'सेल' या जर्नलमध्ये छापलं की टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांना पाणी तोडलं किंवा खोड कापलं तर ती टकटक आवाज करतात, तासाला ३० ते ५०, आणि पाणी प्यायलेलं धडधाकट रोप तासाला एखादासुद्धा नाही. हे आवाज ४० ते ८० किलोहर्ट्झचे, आपला कान २० च्या वर बंदच. पण ही किंकाळी नव्हे. पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे होऊन फुटत असावेत असा त्यांचाच अंदाज आहे. नळाला पाणी यायच्या आधी पाइप फुसफुसतो तो काय दुःखाने थोडाच फुसफुसतो, आणि सोलापूरकरांना नळाचं मी काय सांगायचं!

मग कळतच नाही का? कळतं की. त्यासाठी आमच्या मामाच्या गायीची गोष्ट सांगावी लागेल.

मी सातवीत होते, परतीचा पाऊस आलाच नव्हता, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तिथंच सुकत चाललेली, आणि मामाची खिलार गाय दावं तोडून त्यात शिरली. थोड्याच वेळात तोंडाला फेस, पाय लटपटायला लागले, धापा टाकत खाली बसली. मामा ओरडला, किराळ लागली! गूळपाणी पाजलं, तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर आले, इंजेक्शन दिलं, गाय वाचली. मला तेव्हा एवढंच कळेना की रोज कडबा खाणाऱ्या गायीला तीच ज्वारी विष कशी झाली.

उत्तर पेशीत आहे, आणि मला आजही ते फार भारी वाटतं. ज्वारीच्या हिरव्या पेशीत धुरिन नावाचं द्रव्य एका पिशवीत बंद असतं आणि त्याला फोडणारं एन्झाइम वेगळ्या ठिकाणी. दोन्ही आपापल्या जागी आहेत तोवर काही नाही. आज्जीच्या चंचीत कात आणि चुना वेगवेगळ्या डब्यांत असतात ना, चावलं की मगच तोंड लाल, तसंच. गायीने पान चावलं, पेशी फुटल्या, दोन्ही एकत्र आलं आणि सायनाइड सुटलं. मग रक्तात ऑक्सिजन असूनही शरीराच्या पेशींना तो वापरता येत नाही, म्हणून त्या धापा. कोवळ्या रोपात आणि पाण्याचा ताण पडलेल्यात धुरिन जास्त, म्हणजे आमच्या दुष्काळी भागात नेमकं वैरण नसते तेव्हाच धोका मोठा. पक्क्या दाण्यात ते राहत नाही म्हणा, भाकरी खुशाल खा.

२०१६ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की धुरिन बनवणारी एन्झाइम्स पेशीतल्या पडद्यावर घोळका करून बसतात, एकाचं काम झालं की माल लगेच दुसऱ्याच्या हातात. लग्नघरी भाकऱ्या करताना एक थापते, शेजारची भाजते, तसं. मधला घातक माल इकडंतिकडं सांडत नाही.

आता 'कळणं' म्हणजे काय ते बघा. २०१८ मध्ये मासात्सुगु टोयोटा आणि सायमन गिलरॉय यांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात, जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रोटीनपासून केलेला सेन्सर घातला, कॅल्शियम वाढलं की रोप उजळतं. अळीने पान खाल्लं की फुटलेल्या पेशींतलं ग्लुटामेट बाहेर सांडतं, शेजारच्या पेशींना ते लागतं, आणि कॅल्शियमची लाट सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेगाने दूरच्या पानांकडं निघते. एकदोन मिनिटांत तिकडंही बातमी, बचावाची तयारी सुरू. तेच ग्लुटामेट आपल्या मेंदूतही निरोप्याचं काम करतं, पण इथं मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, म्हणून दुखतं असं मी तरी म्हणणार नाही. पेशी फुटली हीच बातमी, ती वाचायला डोकं लागत नाही.

आणि हो, जंगलातली झाडं बुरशीच्या जाळ्यातून पोरांना खाऊ घालतात हा फॉरवर्ड जरा जपून पाठवा. २०२३ मध्येच जस्टिन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास तपासून सांगितलं की प्रत्यक्ष जंगलातला पुरावा त्या मानाने फारच तोकडा आहे. मला स्वतःला ती गोष्ट आवडायची, वर्गात सांगायचेसुद्धा, आता सांगत नाही.

तर कणीस मोडल्याचं ज्वारीला कळत असणार, दुखत नाही. गेल्या वर्षी मी हे सगळं आगटीशी सांगतच होते, तेवढ्यात एका पोराने बांधाकडेचे ज्वारीचे कोवळे फुटवे उपटून वासरापुढं टाकले. मी हातातलं कणीस फेकून पळाले, ओरडत ओरडत, ते फुटवे ओढून घेतले. मागं सगळे कुजबुजत होते, बघा, मॅडमना झाडाची किती दया आहे.