चौदाची डिस्क ते पंधराचे अलॉय : चाके आणि हवेच्या दाबाचे सेन्सर बसवण्याचा माझा अनुभव

ऐन पावसाळ्यात द्रुतगती मार्गावरून पनवेलहून पुण्याला येताना माझ्या स्विफ्टचे डावे मागचे चाक हळूहळू हवा सोडत होते आणि ते मला अजिबात कळले नाही. मागचे चाक असल्यामुळे स्टिअरिंग ओढत नव्हते, काचा बंद होत्या आणि पावसाच्या आवाजात टायरचा आवाज ऐकू येण्याची शक्यताच नव्हती. टोलनाक्यावर शेजारच्या गाडीतील एका गृहस्थांनी खूण केली तेव्हा उतरून पाहिले, तर टायर जवळजवळ बसलेला होता. दुसऱ्या दिवशी तो डिस्कवरून, म्हणजे लोखंडी चाकावरून, काढला, तेव्हा आतून मूठभर काळी रबराची भुकटी खाली पडली. हवा कमी असताना टायर पळवला की त्याच्या बाजूच्या भिंती आतल्या आत दुमडून घासल्या जातात आणि हा चुरा तयार होतो. असा टायर बाहेरून धडधाकट दिसला तरी पुन्हा वापरायचा नसतो. डिस्कची आतली कडाही कुठल्यातरी खड्ड्यात वाकली होती आणि हवा तिथूनच निसटत होती.

गाडी २०१९ ची, मधल्या श्रेणीची, म्हणजे १४ इंची लोखंडी डिस्क आणि १६५/८० आर १४ मापाचे टायर. बाकीचे तीन टायरही संपत आलेले होते. त्यामुळे चारही बदलायचेच आहेत तर चाकेही बदलून अलॉय, म्हणजे मिश्रधातूची, घ्यावीत आणि हवेचा दाब दाखवणारे सेन्सर त्याच वेळी आत बसवून घ्यावेत असे ठरवले. सेन्सर नंतर बसवायचे म्हटले तर चारही टायर पुन्हा उतरवावे लागतात आणि ती मजुरी दोनदा द्यावी लागते.

चाकाचे माप ठरवताना दुकानदाराशी पहिला वाद झाला. त्याचे म्हणणे, "काका, सोळा टाका, गाडी भरल्यासारखी दिसेल." गाडी भरल्यासारखी दिसावी अशी माझी काहीच इच्छा नव्हती, कागदावर मात्र मी हिशेब करून नेला होता. टायरच्या मापातला पहिला आकडा रुंदी सांगतो आणि दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के बाजूची भिंत उंच आहे ते सांगतो. त्यानुसार १६५/८० आर १४ ची भिंत १३२ मिलीमीटर आणि एकूण व्यास सुमारे ६२० मिलीमीटर येतो. याच गाडीच्या वरच्या श्रेणीत कंपनी १८५/६५ आर १५ देते. त्याची भिंत १२० मिलीमीटर आणि व्यास सुमारे ६२१.५ मिलीमीटर, म्हणजे फरक पाव टक्क्याच्या आसपास. त्यामुळे स्पीडोमीटर आणि किलोमीटरची नोंद दोन्ही जवळजवळ होती तशीच राहतात. दुकानदार सांगत होता त्या २०५/५५ आर १६ चा व्यास सुमारे ६३२ मिलीमीटर होतो, शिवाय टायर चार सेंटीमीटर जास्त रुंद, म्हणजे वळणावर आतल्या प्लास्टिकला घासण्याची भीती. बरे, दुसरीही एक गोष्ट होती. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि त्याच मॉडेलला कंपनी स्वतः देते त्या मापात राहिले की हा प्रश्न सहसा उभा राहत नाही. पंधरावर शिक्कामोर्तब झाले.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. केवळ खड्ड्यांचा विचार केला तर माझी जुनी लोखंडी डिस्कच बरी होती. ती वाकते आणि ठोकून सरळ होते. अलॉय जोराच्या धक्क्याने तडकते, आणि वर भिंत १२ मिलीमीटरने कमी म्हणजे गादीही तेवढीच पातळ. तरीही मी अलॉय घेतले, आणि त्यामागे थोडी हौसही होती.

चाके घेताना पाठीमागची अक्षरे वाचून घेतली. स्विफ्टला चार बोल्ट १०० मिलीमीटरच्या वर्तुळावर असतात, म्हणजे दुकानाच्या भाषेत "चार बाय शंभर". रुंदी, ऑफसेट म्हणजे ईटीचा आकडा (चाकाचे हबवर टेकणारे तोंड त्याच्या मध्यापासून किती सरकलेले आहे ते), एका चाकाला पेलवणारे कमाल वजन आणि मजबुतीच्या जपानी कसोटीची जेडब्ल्यूएल ही खूण, हे सर्व चाकाच्या मागच्या बाजूला ओतीव अक्षरांत असते. ते नसेल तर ते चाक घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ऑफसेट मूळ चाकाच्या जवळचाच निवडला, कारण तो फार कमी असेल तर चाक बाहेर येते आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. टायरवरचा भारांक ८८ होता, म्हणजे एका टायरला ५६० किलो. जुन्या टायरचा ८५, म्हणजे ५१५ किलो होता. टायरवरच्या डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, तेही चारही टायरवर पाहिले. एक टायर बाकीच्यांपेक्षा वर्षभर जुना निघाला, तो बदलून मागितला आणि दुकानदाराने कुरकुर न करता दिला.

सेन्सर दोन प्रकारचे मिळतात. एक व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बाहेरून बसणारा, दुसरा व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला जोडलेला, टायरच्या पोटात राहणारा. बाहेरचा बसवायला एक मिनिट लागते, त्याचा सेल घरी बदलता येतो. पण प्रत्येक वेळी हवा भरताना तो काढावा लागतो आणि रस्त्यावर उभ्या गाडीचे टोपण पळवणे कोणालाही जमते. मी आतला घेतला. त्याचा सेल आत बंदिस्त असतो, तो संपला की पूर्ण सेन्सरच बदलायचा. त्याला सोबत धातूचा व्हॉल्व्ह येतो, तो रबरी वायसर आणि बाहेरून नट लावून कसतात.

हा नट किती महत्त्वाचा आहे हे मला आकडेमोड केल्यावर कळले. सेन्सर जेमतेम तीस ग्रॅमचा, तळहातावर जाणवतही नाही. पण गाडी ताशी १०० किलोमीटरने पळत असताना चाकाच्या फिरण्यामुळे तोच सेन्सर साडेचार किलोच्या आसपास जोराने बाहेर खेचला जातो. दुकानातल्या मुलाने पहिला नट साध्या पकडीने आवळला आणि वायसर चपटा होऊन कडेने बाहेर आला. साबणाचे पाणी लावल्यावर तिथे मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले. नट सैल करून पुन्हा आवळू पाहणाऱ्या त्या मुलाला थांबवून मी नवीन वायसर घालायला लावला, कारण एकदा चेपलेला वायसर पुन्हा नीट बसत नाही. उरलेले तीन नट सेन्सरसोबत आलेल्या कागदावर छापलेल्या मापाप्रमाणे छोट्या टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, कसले. टायर चढवताना मशीनचा दांडा सेन्सरपासून लांब राहील अशी सुरुवात करायची असते, तेही त्याला सांगावे लागले. त्याने ते मन लावून केले. शेवटी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचा तोल साधणे, कारण व्हॉल्व्हच्या बाजूला सेन्सरचे वजन वाढलेले असते.

संध्याकाळी गाडी घेऊन निघालो. डॅशबोर्डवर चिकटवलेल्या सौर डिस्प्लेवर चारही जागी नुसत्या रेघा. मी घाबरलो, पण उभ्या गाडीत हे सेन्सर सेल वाचवण्यासाठी झोपलेले असतात, चाक फिरू लागले की जागे होतात. दुसऱ्या चौकापर्यंत चारही आकडे उमटले.

पुढच्या रविवारी सातारा रस्त्यावर गाडीने खरी कुरबूर सुरू केली. ताशी ८० ते ९० च्या दरम्यान स्टिअरिंग बारीक थरथरत होते, त्याच्या वर आणि खाली शांत. दुकानाने पुन्हा बॅलन्सिंग करून दिले, पण थरथर तशीच. तिसऱ्या खेपेला मी चाक उतरवायला लावले आणि मधल्या भोकात व्हर्नियर हे बारीक मापाचे साधन घातले. भोक ७३.१ मिलीमीटरचे, आणि गाडीच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाचा, गोल उंचवटा ५४.१ मिलीमीटरचा. मधली सगळी जागा रिकामी! बाजारातली अलॉय चाके अनेक गाड्यांना बसावीत म्हणून त्यांचे भोक मोठे ठेवलेले असते आणि ही पोकळी भरायला एक प्लास्टिकची चकती, म्हणजे हब रिंग, घालायची असते. ती नसेल तर चाक केवळ नटांच्या निमुळत्या तोंडांवर मध्यभागी धरले जाते, आणि गाडी जॅकवरून खाली घेऊन नट आवळले असतील तर अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे होतेच. दुकानात ही रिंग नव्हती आणि बहुधा तिची आठवणही नव्हती. नाना पेठेत दोन दुकाने पालथी घातल्यावर बाहेरून ७३.१, आतून ५४.१ अशी चार रिंगांची जोडी मिळाली. ती घालून, चाक हवेत असतानाच नट तिरप्या क्रमाने हाताने बसवून, मग गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने कसले. थरथर गेली.

त्याच वेळी नटांचीही तपासणी केली. अलॉयचा बोल्टजवळचा भाग डिस्कपेक्षा जाड असतो, त्यामुळे नट बोल्टवर किती आत जातो हे पाहावे लागते. साधा नियम असा, की आटे किमान बोल्टच्या जाडीइतके पकडले गेले पाहिजेत. इथे बोल्ट १२ मिलीमीटरचा आणि दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलीमीटरचे, म्हणजे साधारण दहा फेरे. मी प्रत्येक नट काढून पुन्हा बसवताना फेरे मोजले, साडेअकरा भरले. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावला, तेव्हा एक नट किंचित सरकला.

मग उरला आकड्यांचा प्रश्न. थंड टायरमध्ये मी ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा ठेवतो (आपापल्या गाडीचा आकडा दाराजवळच्या स्टिकरवर पाहावा, टायरच्या मापानुसार तो बदलू शकतो). माझा हातातला हवा मोजायचा गेज चारही चाकांत ३३ दाखवत होता आणि डिस्प्ले चारही चाकांत ३२. एखादा सेन्सर चुकला असता तर समजू शकलो असतो, पण चारही एकाच मापाने कसे चुकतील? गणपतीसाठी कुंभार्ली घाटाने गुहागरला गेलो, तिथे सकाळी थंड टायरला गेज लावला, तर गेज ३२ आणि डिस्प्लेही ३२. दोन्हीकडे पावसाळी हवा होती, तापमानात फारसा फरक नव्हता. डिस्प्ले होता तिथेच राहिला होता, गेज एकने खाली आला होता.

उलगडा सोपा आहे. हातातला गेज टायरमधला दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब यांतला फरक दाखवतो. टायरच्या पोटातल्या सेन्सरला बाहेरची हवा ठाऊकच नसते. तो पूर्ण दाब मोजतो आणि त्यातून समुद्रसपाटीवरच्या हवेचे १४.७ पीएसआय वजा करून आकडा सांगतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे हवेचा दाब १३.७ च्या आसपास असतो, म्हणून इथे डिस्प्ले एक पीएसआयने मागे राहतो आणि समुद्रकिनारी दोघांचे जुळते. माझ्या संचात तरी हे असेच चालते. त्यानुसार धोक्याची सूचना मी डिस्प्लेवरच्या २७ ला लावली. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे सूचना २५ टक्के हवा कमी झाल्यावर मिळाली तरी चालते. माझ्या टायरसाठी ते जेमतेम २५ झाले असते आणि पनवेलचा अनुभव ताजा असल्यामुळे मला ते फार उशिराचे वाटले. गाडी पळू लागली की आकडा चढतो. हवा दहा अंशांनी तापली की साधारण दीड पीएसआय वाढतो. महामार्गावर ३७ दिसले म्हणून हवा सोडायची नसते.

२०२० पासून असे सेन्सर आणि ट्यूबलेस टायर असलेल्या लहान गाड्यांना, दुरुस्तीचा संच सोबत असेल तर, स्टेपनीशिवाय चालण्याची मुभा आहे. मी मात्र चांगली असलेली एक जुनी डिस्क नव्या टायरसह स्टेपनी म्हणून ठेवली, व्यास जवळजवळ सारखाच असल्यामुळे ती अडचणीला चालते. डिस्कचे मूळ चार नटही डिकीत पिशवीत बांधून ठेवले. विमा कंपनीला चाकांची पावती देऊन नोंद करून घेतली. सर्व मिळून पंचावन्न हजारांच्या आसपास खर्च आला.

सेन्सरचा खरा उपयोग दिवाळीच्या आधी झाला. कात्रजच्या पुढे उजव्या मागच्या चाकाचा आकडा ३४ वरून पाहता पाहता २७ वर आला आणि डिस्प्ले बोंबलू लागला. टायर नजरेला भरलेलाच दिसत होता. पंक्चरवाल्याने पाणी लावून आडवा घुसलेला खिळा शोधला. टायर उतरवायचा नाही, आत सेन्सर आहे, असे मी आधीच सांगितल्यामुळे त्याने बाहेरूनच रबरी पट्टी ओढून घेतली आणि हवा भरली. त्याचा गेज ३५ म्हणत होता, माझा डिस्प्ले ३४. त्याने गेज मांडीवर दोनदा आपटला, पुन्हा लावला, पुन्हा ३५. "काका, तुमचं मशीन एक कमी दाखवतंय." मी म्हणालो, "दाखवू द्या, तुमचाच बरोबर आहे," आणि पैसे दिले.