भावाला मूळपेशी देताना

माझ्या धाकट्या भावाच्या तीव्र रक्तकर्करोगाचे निदान सोलापुरातच झाले. केमोथेरपीने आजार आटोक्यात आला, तरी तो उलटण्याची शक्यता मोठी असल्याने डॉक्टरांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे हाडांतील रक्त तयार करणारी मज्जा दात्याच्या पेशींनी बदलणे, सुचवले आणि त्यासाठी आम्ही पुणे गाठले. माझ्या पाठीच्या कण्यातून काहीतरी काढून घेणार आणि मी जन्माची अधू होणार, याची आत्याला खात्रीच होती.

सुरुवात एचएलए तपासणीने झाली. एचएलए म्हणजे पेशींवरचे ओळखचिन्हासारखे घटक; दाता आणि रुग्ण यांचे ते जुळावे लागतात. हे घटक आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा संचाने येत असल्याने सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीची शक्यता २५ टक्के असते. रक्तगट वेगळा असला तरी चालतो. माझा बी, भावाचा ओ, आणि तरीही आमची जुळणी पूर्ण निघाली.

मला काही दिवस जी-सीएसएफ या औषधाची इंजेक्शने दिली. त्यांनी मज्जेतील मूळपेशी, म्हणजे ज्यांपासून रक्तातील सर्व पेशी बनतात त्या, रक्तात उतरतात. कंबर आणि मांड्या मात्र चांगल्याच ठणकतात. नंतर एका हातातून रक्त यंत्रात जाऊन मूळपेशी वेगळ्या होत होत्या आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येत होते. भूल नाही, टाका नाही.

भावाचे दिव्य वेगळे होते. आधी तीव्र केमोथेरपीने त्याची स्वतःची मज्जा नष्ट केली आणि मग माझ्या पेशींची पिशवी साध्या रक्तासारखी शिरेतून चढवली. त्या आपणहून हाडांपर्यंत पोहोचतात. पुढे पांढऱ्या पेशी जवळपास शून्यावर आल्या, तोंड सोलून निघाले, आणि आईने सोबत आणलेली कडक भाकरी व शेंगाचटणी खोलीबाहेरच राहिली. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस ५०० च्या वर टिकल्या, तेव्हा डॉक्टरांनी पेशी रुजल्याचे सांगितले.

मला सर्वांत विलक्षण वाटले ते यापुढचे. मूत्रपिंड बदलल्यावर रुग्णाचे शरीर नव्या अवयवावर उलटते. येथे दात्याच्या पेशीच रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर उलटू शकतात, म्हणून त्यांना आवर घालणारी सायक्लोस्पोरिनसारखी औषधे द्यावी लागतात. मात्र त्याच पेशी उरलेल्या कर्कपेशींनाही मारतात, त्यामुळे त्यांना पूर्ण गप्प बसवणेही डॉक्टरांना नको असते. हा तोल सांभाळणे हाच उपचाराचा खरा कठीण भाग आहे, असे माझे मत झाले.

सोलापूरला परतल्यावर त्या जानेवारीत संसर्गाच्या भीतीने भावाने सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या गर्दीत, जाणे टाळले. जुन्या मज्जेबरोबर लसींचे संरक्षणही जात असल्याने बालपणीच्या लसी त्याला वेळापत्रकाप्रमाणे पुन्हा द्यायच्या आहेत. लाल पेशी यायला वेळ लागला, पण हळूहळू त्याचा रक्तगट माझ्यासारखा बी झाला. त्यामुळे कोणते रक्त चालेल आणि ते किरणोत्सर्गित (किरणे देऊन त्यातील पांढऱ्या पेशी निष्क्रिय केलेले) हवे, हे लिहिलेले पत्र तो कायम जवळ बाळगतो.