माझी बॉक्सएन आणि चौदा महिने

बॉक्सएन तुम्ही पाहिलेली आहे, नाव माहीत नसलं तरी. वर छप्पर नसलेली, विटकरी रंगाची, कोळशाची वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा. नाशिकरोडला राहणाऱ्याला तर ती उठता-बसता दिसते, कारण एकलहऱ्याच्या वीज केंद्राचा कोळसा तिच्यातूनच येतो. मला ती एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात, म्हणजे एचओ स्केलमध्ये हवी होती. परवडेल आणि मनाला पटेल अशी तयार मिळेना, म्हणून स्वतःच करायला घेतली. घरी सांगितलं होतं, तीन महिने. लागले चौदा.

वेड लागलं पुण्यात. कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय मुलाला दाखवायला नेलं होतं. मुलगा अर्ध्या तासात कंटाळला, मी नाही.

सुरुवात सोपी वाटते. खऱ्या वाघिणीची मापं घ्यायची आणि ८७ ने भागायची. कपलरपासून (दोन वाघिणी जोडणारी टोकाची जोडणी) कपलरपर्यंत १०,७१३ मिलिमीटर, म्हणजे आपले १२३. रुंदी ३,२००, म्हणजे पावणेसदतीस. उंची ३,२२५, म्हणजे ३७. स्टायरीनचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, पत्रा कापून दोन रविवारांत खोकं उभं राहिलं आणि मी खूश झालो.

मग त्याखाली अमेरिकन मॉडेलच्या बोगी लावल्या. बोगी म्हणजे डबा नव्हे, त्याच्या खालचा चार चाकांचा गाडा. आपली कॅसनब बोगी दिसायला त्यांच्यासारखीच, तीन तुकड्यांची ओतीव, मधल्या खिडकीत स्प्रिंगा. म्हटलं चालून जाईल. पण गाडी ठेंगणी दिसायला लागली, उकिडवी बसल्यासारखी. व्हर्निअर लावला तेव्हा कळलं. कॅसनबच्या दोन आसांमधलं अंतर २,००० मिलिमीटर, म्हणजे २३. माझ्या बोगीचं जेमतेम साडेवीस. आपलं चाक १,००० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे साडेअकरा. त्यांचं ३६ इंची, म्हणजे साडेदहा. एवढ्याशा फरकाने डोळ्याला खुपत होतं. शेवटी बोगीच्या बाजू संगणकावर काढून रेझिनमध्ये छापून घेतल्या आणि चाकं युरोपियन मालगाड्यांची ११ मिलिमीटरची बसवली. अर्धा मिलिमीटर सोडून दिला. आसाच्या टोकाच्या झाकणावर तीन बोल्ट असतात, तेही काढले होते. छपाईत दोन आले, तिसऱ्याच्या जागी नुसता फुगवटा. सगळी झाकणं अशी फिरवली की फुगवटा खाली जावा.

खरं दुखणं रुळांचं आहे, आणि भारतीय गाड्या करणाऱ्या प्रत्येकाचं ते आहेच. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,६७६ मिलिमीटर, एचओमध्ये १९.३. बाजारात एचओचे रूळ मिळतात ते १६.५ चे, कारण ते १,४३५ च्या गेजसाठी. म्हणजे पावणेतीन मिलिमीटरची खोट थेट पायातच. १९.३ चे रूळ हाताने घालणारे लोक आहेत. मग सांधेसुद्धा हाताने, इंजिनाची चाकंही आसावर सरकवायची. माझ्यात तेवढा दम नाही. मी १६.५ वरच राहिलो, पण बोगीच्या बाजू मात्र खऱ्या रुंदीवर ठेवल्या. बाजूने बघाल तर कळत नाही. समोरून बघू नका.

कपलरने तर छळलंच. आपल्या वाघिणीचा कपलर रुळापासून जास्तीत जास्त १,१०५ मिलिमीटरवर असतो, म्हणजे पावणेतेरा. अमेरिकन मॉडेलांची ठरलेली उंची जेमतेम दहा. उंची खरी ठेवली तर माझी वाघीण दुसऱ्या कुणाच्याच गाडीला जोडता येणार नाही, आणि जोडता यावी म्हणून खाली आणली तर तोंड लटकल्यासारखं दिसतं. आठवडाभर दोन्ही करून बघितलं. आता एका टोकाला खरी उंची आहे, दुसऱ्या टोकाला तडजोड. पुढेमागे पाच वाघिणी झाल्या तर तडजोडीचं टोक इंजिनाकडे. खऱ्या रेकच्या, म्हणजे अख्ख्या मालगाडीच्या, ५८ वाघिणी करायचा प्रश्नच नाही, त्यांना सात मीटर लागतात आणि आमचा हॉल साडेचारचा आहे.

मला सगळ्यांत जास्त मजा आली ती पोचे पाडताना. कारखान्यातून आलेली बॉक्सएन सपाट असेल, पण रुळावरची कधीच नसते. कोळसा भरताना लोडरचं बकेट आतून आदळतं आणि पत्र्याला बाहेरून फोड आल्यासारखे उंचवटे येतात. वीज केंद्रात टिपलर अख्खी वाघीण धरून उलटी करतो, तिथेही ती मार खाते. माझा पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. खऱ्या मापात तो त्रेचाळीस मिलिमीटरचा होतो, म्हणजे तिजोरीच. म्हणून आतून पॅनेलं घासून पातळ केली, केस वाळवायच्या यंत्राने किंचित गरम केली आणि भरतकामाच्या सुईच्या बोथट टोकाने आतून दाबली. पहिली बाजू वितळून वाया गेली. दुसरीवर अकरा पोचे आहेत, त्यातले चार खऱ्या फोटोवरून, बाकी माझे.

फोटो काढले फाटकाशी उभं राहून, चालत्या गाडीचे. रेल्वेच्या हद्दीत कॅमेरा घेऊन शिरलात की आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, चौकशीला आलंच. त्यामुळे नंबर धूसर आला. वाघिणीचा नंबर अकरा आकड्यांचा असतो: पहिले दोन प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे (०१ म्हणजे मध्य रेल्वे), पुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार क्रमांकाचे आणि शेवटचा पडताळ्याचा. माझ्या फोटोत १० ०१ ०६, मग शून्य, त्यापुढे तीन की आठ ते कळेना, मग २७ आणि शेवटी १. पडताळ्याचं गणित असं: सम स्थानांवरच्या आकड्यांची बेरीज तीनपट करायची, त्यात विषम स्थानांची बेरीज मिळवायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. तीन धरला तर ५४ येतात, म्हणजे शेवटी ६ हवा. आठ धरला तर ६९, म्हणजे १. आठच! रात्री साडेअकराला मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, आता दिवा मालव."

साध्या इंकजेटवर पांढरी अक्षरं छापता येत नाहीत. म्हणून पांढऱ्या डेकल कागदावर (त्यावरची छपाई मॉडेलवर चिकटवता येते) वाघिणीचा रंग छापून अक्षरांची जागा कोरी ठेवली. रंग जुळायला नऊ कागद गेले. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

पूर्ण झाल्यावर आमच्या इमारतीतल्या काकांना दाखवली. ते टीएक्सआर होते, आयुष्यभर मालगाड्या तपासल्या, नादुरुस्त वाघिणी सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या रुळावर, टाकल्या. मी मुद्दाम बाजूने समोर धरली. रुळांचं त्यांनी काही काढलं नाही. पोच्यांवरून बोट फिरवलं, हँडब्रेकचं चाक बघितलं, चश्मा कपाळावर सरकवून नंबर वाचला. मग नंबराच्या खालची बारीक ओळ वाचत राहिले. मोठ्या दुरुस्तीला वाघीण कधीपर्यंत परत न्यायची, ती रिटर्न डेट तिथे असते. ती मी फोटोवरून जशीच्या तशी उतरवली होती.

"रिटर्न डेट कधीची टाकलीयस?"

"फोटोत होती तीच, काका. २०१५."

"आणि आज कोळसा भरून चालवतोयस?" गाडी त्यांनी माझ्या हातात दिली. "सिक लाइनला टाक."

सध्या ती टीव्हीच्या कपाटावरच्या साइडिंगला एकटीच उभी आहे. सिकची चिठ्ठी कशी लिहितात ते काका दाखवणार आहेत.